डेमोपुरती रुंद केलेली वाट

आमच्या प्रयोगशाळेच्या रंगीत पुस्तिकेवर चिपमधून जे लालभडक रक्त वाहताना दिसतं, ते गुलाबाचं सरबत आहे. दिल्लीत उन्हाळाभर घरोघर पितात ते. खरं रक्त फोटोत काळपट दिसतं, असं आमच्या सरांचं मत पडलं, म्हणून मीच ते सरबत पाणी घालून चिपमध्ये सोडलं होतं. फोटोचं फार कौतुक झालं. चिपकडे कोणी पाहिलं नाही.

सर पुण्याचे. वीस वर्षं दिल्लीत काढलेले. काम करून घ्यायचं असलं की माझ्याशी मराठीत बोलायचे आणि श्रेय घ्यायचं असलं की इंग्रजीत. मी भंडाऱ्याकडची. दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने नोएडा गाठायचं आणि दिवसभर हे मराठी ऐकायचं, अशी माझी नोकरी.

चिप म्हणजे काचपट्टीवर चिकटवलेला पारदर्शक रबराचा तुकडा, आत केसाहून बारीक वाटा. सिकलसेलचा दोष असलेल्या रक्तातला प्राणवायू काढून घेतला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अरुंद वाटेत अडकतात. रक्त अडलं तर दोष आहे, सरळ वाहिलं तर नाही. गावातल्या आशाताईंना एका मिनिटात कळेल इतकं हे सोपं होतं.

चाचणीला रक्त लागायचं, त्यासाठी बोट टोचायच्या पाळ्या लावलेल्या होत्या. माझी पाळी सगळ्यात जास्त यायची, कारण मी वाहक आहे. दोष अंगात आहे, आजार नाही. माझ्या थेंबाने चिप अडली की चिप ठीक, असा आमचा साधा हिशोब होता.

एकदा पाहुण्यांसाठीच्या रंगीत तालमीत सरांनी हौसेने स्वतःचं बोट पुढे केलं. गुठळी झाली, रक्त अडलं आणि पडद्यावर सरांना सिकलसेल असल्याचं जाहीर झालं. हसू दाबताना माझा जीव गेला. सरांचा मात्र अपमान झाला होता.

"अगं, ती वाट जरा रुंद करून टाक ना यार," ते म्हणाले. "फक्त डेमोपुरती."

मी केली. हे लिहायला लाज वाटते, पण आराखडा माझ्याच कॉम्प्युटरवर बदलला गेला. गुठळी होऊ नये यासाठी रक्तात काय मिसळायचं ते शोधायला दोन आठवडे लागले असते. वाट रुंद करायला पाच मिनिटं लागली.

महिन्याभराने मानेसरच्या कारखान्यातून दोन खोकी आली. माझ्याच तालुक्यातल्या आरोग्य शिबिरासाठीच्या चिप्स. मी सवयीने बोट टोचलं आणि थेंब सोडला. तो सरबतासारखा वाहून गेला. दुसरी चिप घेतली, तिसरी घेतली, तेच. डेमोपुरता आराखडाच सरांनी कारखान्याला पाठवला होता. या चिप्सनी आमच्या अख्ख्या तालुक्याला निरोगी ठरवलं असतं.

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन हे सांगितलं. हे पायलट आहे, नेक्स्ट बॅचमध्ये बघू, असं म्हणून त्यांनी मला उद्याच्या पाहुण्यांसाठी समोशांची ऑर्डर नीट गेली का ते बघायला सांगितलं. बावीस वर्षं शिकून मी समोसे मोजावेत, ही त्यांची माझ्याबद्दलची कल्पना.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयातले एक मोठे साहेब आले. पुष्पगुच्छ झाला, सरांचं इंग्रजी झालं. थेंब द्यायला सरांनी बोट पुढे केलं, तेव्हा मी मध्येच म्हटलं, "सर, आज माझी पाळी आहे." लोकांसमोर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

माझं रक्त झुळझुळ वाहिलं. पडद्यावर हिरवं 'नॉर्मल' उमटलं. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मी थांबले आणि साहेबांना हिंदीत सांगितलं की मी लहानपणापासून वाहक आहे, माझा रिपोर्ट पर्समध्ये आहे, आणि या चिप्स सोमवारी माझ्या तालुक्यात चालल्या आहेत.

सर हसले. मॅडमना सगळ्यात खोट दिसते, म्हणाले. साहेबांनी मात्र समोसा खाली ठेवला आणि खरोखरच विचारलं, "लेकिन कॅरियर तो बीमार नहीं होता न? फिर क्या फर्क पड़ता है?"

"मेरे माँ-बाप भी बीमार नहीं थे, सर," मी म्हटलं. "दोनों कॅरियर थे, किसी ने बताया नहीं. मेरा भाई उन्नीस का था."

त्यानंतर कोणी समोसा खाल्ला नाही. खोकी सोमवारी गेली नाहीत. सर माझ्याशी आता मराठीत बोलत नाहीत, हा माझा फायदाच. सरबताचा फोटो पुस्तिकेवर अजून आहे.

वाट मी पुन्हा अरुंद केली आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्तात काय मिसळायचं तेही दोन आठवडे घालवून शोधलं. रोज सकाळी बोट टोचते आणि थेंब सोडून बघत बसते. तो अडतो. ज्या दोषाने माझा भाऊ गेला, तो माझ्या रक्तात दिसला की मला हायसं वाटतं.