भटूच्या जीपचा आवाज

भटू सोनवणे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे, ओठांकडे बघे. तो पहिल्यांदा आमच्या सुरतेतल्या, उधन्याच्या घराच्या दारात उभा राहिला तेव्हा मला ते जरा असभ्य वाटलं. त्याची बायको सुंदरा माझ्याकडे स्वयंपाकाला होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "मनावर घेऊ नका बाई. लूमवरची सगळी माणसं तशीच बघतात."

लिंबायतमध्ये ती दोघं राहत त्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूमचे कारखाने होते. सुंदरा तापाने पडली होती तेव्हा मी तिला बघायला गेले. तिच्या खोलीच्या भिंतीला टेकले तर भिंत थरथरत होती. कारखान्याच्या आत तर माणसाचा आवाज संपतोच. कामगार एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा. भटू साक्रीजवळच्या खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत इथे आला आणि त्या खडखडाटातच मोठा झाला. आधी तो लूम चालवायचा, पुढे लूम दुरुस्त करू लागला. हात चांगला होता त्याचा.

चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत पळालं. तेव्हा म्हातारी आई आणि कडेवरची ज्योती यांना घेऊन भटू आणि सुंदरा बारडोलीपर्यंत पायी गेली. कुठल्याच गाडीत त्यांना जागा मिळाली नाही. भरलेल्या जीपगाड्या धूळ उडवत शेजारून जात होत्या. भटूने ती गोष्ट मला पुढे अनेकदा सांगितली, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य म्हणे, "तेव्हाच ठरवलं बाई, आपली गाडी पाहिजे."

परत आल्यावर लूमची पाळी संपली की तो उधन्यातल्या एका गॅरेजात जाऊन बसू लागला. गाडीच्या मागच्या आसावर मधोमध एक गोल लोखंडी डबा असतो, तो हाऊसिंग. त्याच्या आत क्राऊन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकांना पोचवतात. भटूचा हात त्या कामावर बसला. तो लांब पेचकस हाऊसिंगला टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि आत काय झिजलंय ते सांगायचा. "भटूला कान आहे," असं लिंबायतचे जीपवाले म्हणत. तो ऐकतो की हाडाला लागणारी थरथर ओळखतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यालाही तो प्रश्न पडला नव्हता.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला त्याने एक जुनी जीप घेतली. सुरतेहून खानदेशात माणसं न्यायची, आणायची, असा बेत होता. पण जीप सपाटीवर पळे आणि कोंडाईबारीच्या घाटात भरल्या गाडीने धापा टाकी. भटूने मागचं क्राऊन-पिनियनच बदलायचं ठरवलं. भंगारबाजारातून त्याने जास्त ओढ देणारा जोड आणला आणि जीप आमच्या अंगणात उभी करून काम काढलं, कारण त्याच्या गल्लीत जीप उभी करायला जागा नव्हती. मी व्हरांड्यात बसून बघत असे.

"म्हणजे यात नक्की काय होणार?" मी विचारलं.

"लूमवर एक चाक बदललं की कापड दाट येतं बाई, पण सावकाश येतं. हे तसंच. गाडी सावकाश चालेल, पण वजन घेऊन चढेल."

दात नीट बसलेत का ते बघायला त्याने क्राऊनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला. हा शेंदूर त्याच डब्यातला, ज्यातून दर शनिवारी गल्लीतल्या मारुतीला शेंदूर चढे. चाक हाताने फिरवलं की दातांवर घासल्याची छाप उमटते. ती दाताच्या मधोमध हवी. भटूने मला खाली वाकून बघायला लावलं. छाप अगदी मधोमध होती.

"बघा, मारुतीने सही केली," तो म्हणाला.

ती सही रिकाम्या गाडीची होती. वजन पडलं, चढ आला की दात जागचे किंचित सरकतात, आणि मग छाप कुठे पडते ते शेंदूर सांगत नाही. ते फक्त आवाज सांगतो. हे मला फार उशिरा, दुसऱ्या एका मिस्त्रीने समजावलं.

पहिल्या फेरीला भटूने मलाच बसवलं. सोबत त्याचा लूमवरचा जुना जोडीदार सुकलाल आणि सुकलालच्या ओळखीचे दहा-बारा कामगार होते, मुद्दाम वजनासाठी. सुंदरा ज्योतीला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी, अगदी मागे. आम्ही सचिनच्या रस्त्याला लागलो. जीपमध्ये कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. ओठ हलत होते, बोटं हलत होती, मधूनच सगळे एकदम हसत होते. मला त्यांच्यातला एकही विनोद कळला नाही.

भटूने वेग वाढवला आणि मला तो ऐकू आला. बारीक, उंच, लांबवलेला सूर. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासावी तसा. भटूने पाय दाबला की तो चढे, पाय काढला की गळून पडे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पियानो शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूनिंग फोर्कचा चिमटा वाजवून सूर ओळखायला लावत. त्या सवयीने मी तो सूर ओळखायला गेले आणि अंगावर काटा आला, कारण तो एका जागी राहत नव्हता. दर मैलाला जरा जरा वर सरकत होता.

"भटू, मागून काहीतरी वाजतंय," मी ओरडले.

त्याने जीप कडेला घेतली, इंजिन चालू ठेवून खाली उतरला, पेचकस लावला. मग सुकलालने लावला. मग आणखी दोघांनी. सगळ्यांनी माना हलवल्या.

"मख्खन आहे बाई," सुकलाल म्हणाला.

"उभ्या गाडीला नाही वाजत. चालताना वाजतं. शिट्टीसारखं."

"बाईंच्या घरात शांतता फार," सुकलाल म्हणाला. "मुंगीने चप्पल घातली तरी त्यांना ऐकू येत असेल."

सगळे हसले. भटूही हसला, पण त्याची नजर माझ्या ओठांवरच होती. मी सुंदराकडे पाहिलं. ती ज्योतीच्या वेणीची रिबीन पुन्हा बांधत होती. रिबीन सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भटूला सांगून पाहिलं की उधन्याच्या गॅरेजात जा, तिथल्या मिस्त्रीला गाडी चालवून बघू दे.

"मी दुसऱ्याकडे गाडी नेली तर उद्या माझ्याकडे कोण आणेल बाई?" तो शांतपणे म्हणाला. "भटूचा कान गेला म्हणतील. एवढ्यावर तर सगळं उभं आहे."

तो गेल्यावर सुंदरा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाई, त्यांना आता परत सांगू नका."

"तुलाही ऐकू येतंय ना?"

तिने तव्यावरची पोळी उलटली. सुंदराने कधी लूमवर काम केलं नव्हतं. लग्नानंतर ती घरकामंच करत आली होती. त्या जीपमध्ये तिचे आणि माझे, एवढेच कान शाबूत होते. ज्योती फार लहान होती.

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. "आखाजीला नका जाऊ जीपने," मी म्हणाले. "पॅसेंजरने नंदुरबारला उतरा, तिथून बस धरा."

"आखाजीला सगळी गल्ली त्यांच्या जीपने चाललीय. बायको आगगाडीने गेली तर लोक काय समजतील?"

निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "बाई, मोरीपाशी तो जुना पाटा पडलाय, तो नेऊ का? तुम्ही तर मिक्सरच वापरता."

"गावाला काय दगडांचा दुष्काळ पडला?"

"सासूचा झिजलाय."

"ने की. वरवंटाही घेऊन जा."

"वरवंटा नको," ती म्हणाली.

पाटा कमरेवर घेऊन ती फाटकातून बाहेर पडली आणि मी वरवंटा परत मोरीपाशी ठेवला. वरवंट्याशिवाय पाटा घेऊन बाई करणार काय, हे तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. उत्तर मात्र मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही.

जीप सकाळी आमच्या रस्त्यावरून गेली. नव्या साड्या, टपावर गाठोडी, मागच्या फाळक्याशी पाय खाली सोडून बसलेली सुंदरा. ज्योतीला तिने पुढे आजीकडे दिलं होतं. सगळ्यांनी मला हात केले. चौकापाशी भटूने वेग घेतला आणि तो सूर आला. आता तो बारीक राहिला नव्हता. पानवाल्याने मान वर करून पाहिलं. जीपमधल्या एकानेही मान वळवली नाही. जीप दिसेनाशी झाल्यावरही तो मला ऐकू येत होता.

पुढचं सुकलालने येऊन सांगितलं. हाताला पट्टी बांधलेली होती त्याच्या, आणि या वेळी त्याने विनोद केला नाही.

कोंडाईबारीच्या चढात, वळणावर, मागून बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज झाला. तेवढा मात्र सगळ्यांना ऐकू आला. पिनियनचे दात गेले होते. इंजिन ओरडत होतं आणि चाकांना काहीच पोचत नव्हतं. जीप थांबली, मग मागे सरकू लागली.

"पायाचा ब्रेक दाबून धरला होता त्याने, पण एवढी माणसं, एवढा चढ. थोपत नव्हती गाडी. हँडब्रेक ओढला. पण जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो बाई, शाफ्टवर असतो. शाफ्ट आणि चाकांचा संबंधच तुटला, तर तो धरणार कुणाला? मागे दरी. मी ओरडलो, उड्या मारा म्हणून. पण वहिनी आधीच खाली होत्या. बार झाला तेव्हाच उतरल्या असणार. हातात तो पाटा."

चाक पाट्यावर चढलं आणि थांबलं. सुंदराच्या डाव्या हाताची दोन बोटं खाली राहिली.

माणसं सगळी वाचली. ज्योती आजीच्या मांडीवर झोपलेली होती, तिला काही कळलंही नाही. चाक उचलून बोटं सोडवली तेव्हा भटूने बायकोजवळ बसून अहिराणीत एवढंच विचारलं, "तुले ऐकू येत व्हतं. काबर बोलनी नही तू?"

भटू मला महिन्याभराने भेटला. पेचकसाचा विषय काढला नाही. पण गाड्यांची कामं त्याने सोडली नाहीत, आणि जीपवालेही फिरकायचे थांबले नाहीत, कारण आता तो कुठलीही गाडी देण्याआधी सुंदराला मागे बसवून फेरी मारायचा. तिचा चेहरा आरशात बघायचा. तिने मान हलवली तरच गाडी मालकाला मिळे. मला ते बरं वाटलं. एका घरात दोघांना मिळून एक कान पुरतो, असं मी मनाशी म्हटलं.

सुंदराला पोळ्या लाटता येईनात. मी म्हणाले, नुसती येऊन भाजी चिरत जा.

"फुकटचं नको बाई," ती म्हणाली, आणि आपल्या घराशेजारच्याच लूम-कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला जाऊ लागली. "मशीन भरतं. मी नुसती उभी राहते." कांड्यांचं मशीन लूमच्या रांगेला लागूनच होतं. मी तिला कानात कापूस घालायला सांगितलं. ती हसली. कापूस घातला तर बाजूची बाई हिणवते, म्हणाली, नवीन नवरी म्हणते.

पुढच्या वर्षी, आखाजी आठवड्यावर आली असताना, मी लिंबायतला गेले. वीज बंद म्हणून कारखान्यांना सुट्टी होती त्या दिवशी. गल्ली इतकी शांत होती की कुठेतरी नळ ठिबकत होता तेही कळत होतं. सुंदरा उंबऱ्यात माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. भटू पलीकडे जीप पुसत होता.

"सुंदरा," मी हाक मारली.

तिने निवडणं थांबवलं नाही. मी दोन पावलं जवळ गेले आणि पुन्हा हाक मारली. पलीकडून भटूने मात्र वर पाहिलं, माझ्या ओठांकडे. मग हात हलवून त्याने सुंदराचं लक्ष वेधलं आणि माझ्याकडे बोट केलं.

सुंदरा वळली. हसली. आणि मी काय बोलते ते कळावं म्हणून माझ्या ओठांकडे पाहू लागली.

"यंदा नवीनच जोड टाकलाय बाई," भटू म्हणाला. "एकदम मख्खन. सुंदरा बसली होती मागे. काही आवाज नाही म्हणते."

"मला एक फेरी मारून आण," मी म्हणाले.

"आत्ता? उन्हाचं?"

"आत्ताच."

मी मागे चढले. सुंदरा माझ्या शेजारी बसली. पायाशी तो पाटा होता, मी दिलेला, एका कडेला टवका उडालेला. गल्ली संपली, नवागामचा रस्ता लागला, तोवर काही नव्हतं. मग रस्ता मोकळा झाला आणि भटूने पाय दाबला.

तो आला. बारीक, उंच, ओल्या बोटाने काच घासावी तसा.

सुंदरा माझ्याकडे बघून हसत होती. भटूने आरशात माझा चेहरा धरला होता.

"थांबव," मी म्हणाले. ओरडले नाही. सावकाश म्हणाले, वाचता येईल असं.

भटूने जीप कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो तसाच बसून राहिला. सुंदरा अजून हसतच होती. कशासाठी थांबलो ते तिला कळलं नव्हतं.