हरलेल्या कुस्तीचं जेवण

आमच्या मंगळवार पेठेतल्या तालमीची रीत अशी, की कुस्ती दुपारी आणि जिंकल्याचं जेवण सकाळीच चुलीवर. हरण्याचा विचार कुणाच्या डोक्यात शिरतच नसे. डोक्यांत तेवढी जागाच नव्हती. पावसानं दगा दिलेल्या त्या साली, खुद्द महाराज कुस्ती बघायला येणार म्हटल्यावर, आम्ही अशा कढया चढवल्या की तांबड्या रश्श्याचा वास जोतिबाच्या डोंगरावर गेला आणि तिथला गुरव वाटी घेऊन खाली आला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो आता हयात नाही, हा काही माझा गुन्हा नव्हे.

आमच्या पैलवानाला दारातून तिरकं होऊनच आत यावं लागे. सलामी झाली. मी उजव्या मिशीला पीळ दिला, डावीला हात घालतोय तोवर आमचा गडी आभाळ बघत पडलेला!

परत आलो तर कढया रटरटतायत, भाकऱ्यांची चवड आढ्याला टेकलेली. आणि हरल्या दिवशी आमची तालीम उपास करायची. वस्ताद गरजले, "खड्डा खणा आन् समदं पुरा! कुस्तीआधीच जेवान रांधलं हे गावाला कळलं, तर तोंड कुठं दावायचं?"

मला मात्र बावड्याच्या वाटेवरची माणसं दिसत होती. दुष्काळानं गाव सोडून खडी फोडायला आलेली. त्या दिवशी काम बंद, म्हणून मजुरीचं धान्यही बंद. पोरं चिंचेचा पाला चघळत बसलेली मी सकाळीच पाहिली होती. पैलवानाच्या कानात सांगितलं. पडल्यापासून तो बोलला नव्हता. उठला आणि कढया, भाकऱ्या सगळं एकट्यानं बैलगाडीत चढवलं.

"वस्ताद, लांब नेऊन पुरतो," मी म्हणालो. "हितं पुरलं तर वास सुटंल की."

"व्हय, लांबच न्ह्या. कुणाला दिसू दिऊ नगा!"

दिसू देऊ नका! पेठेतली झाडून सारी कुत्री मागून मिरवणुकीनं निघालेली, बैलसुद्धा पुढं चालताना माना वळवून मागं बघतायत.

"काय हाय रं गाडीत?" जो तो विचारी.

"पैलवानाच्या कमरंचा लेप!" मी सांगे.

"मग माझी बी कंबर दुखतीया की!"

कसेबसे पोचलो. पंगत बसली. पोरांनी भाकरी कुस्करून अशी ओढली की बघणाऱ्याला घाम फुटावा. तेवढ्यात वासाचा माग काढत वस्ताद हजर. डोळे लाल, हातात काठी. तोंड उघडणार तोच एका म्हातारीनं पानावरून हाक मारली, "पावणं, हुबं का? बसा की! कशाचं म्हनायचं ह्ये जेवान?"

वस्तादांनी पोरांच्या पानांकडं पाहिलं. काठी हळूच मागं लपवली.

"आमचा गडी हरला, आजी," ते म्हणाले. "त्येचं जेवान."

"आगं बाई!" म्हातारीनं पैलवानाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गुणाचा हाय की लेकरू! पुन्यांदा कवा हरनार?"

पडल्यापासून मुका असलेला पैलवान असा हसला की बैल बुजले, आणि वस्ताद काठी टाकून वाढायला लागले.