वहिनीच्या पदरातले दाणे

आमच्या घरी नशीब रानशेतहून यायचं. तिथला एक म्हातारा भगत, काही मोठं ठरवायचं असलं की, डहाणूच्या आमच्या वाडीत येऊन बसायचा. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं त्याला विचारून. घरातल्या बाईने तांदळाची चिमूट फडक्यात बांधून द्यायची. तो ती सुपात सोडायचा आणि दोन-दोन दाणे बाजूला सारायचा. जोड्या पुऱ्या झाल्या तर देवीचा होकार, एक दाणा उरला तर नकार. माणूस सरळ होता, दाण्यांत दिसेल तेच सांगायचा. त्याचा नियम एकच. ज्याच्यासाठी विचारायचं त्याच्या आईच्या हातचे दाणे चालायचे नाहीत, आईची माया दाण्यांत उतरते म्हणे.

सातवीच्या फायनलला मी पास झाले आणि पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं खूळ डोक्यात घेतलं. खूळ हा बाबांचा शब्द. माझ्या बाजूने बोलणारी घरात एकटी वहिनी, मोठ्या भावाची बायको. आई दम्याने अंथरुणाला खिळलेली, वहिनीची पोर रांगती आणि चिकूची एवढी वाडी, तरी ती म्हणायची, "बाय, तू जाच. मी हाय ना मागं." माझी पहिली विद्यार्थिनीही तीच. दुपारी ओटीवर पाटी घेऊन मी तिला अक्षरं गिरवायला लावायची. शंभरापर्यंत मोजायलाही तिला मीच शिकवलं.

भगत आला त्या दिवशी दाणे वहिनीने आणले, पदराच्या गाठीत बांधून. मी खांबाला टेकून उभी होते. भगताचं बोट सुपात सरकत होतं आणि मी मनात देवीला काय काय कबूल करत होते ते आता सांगायची लाज वाटते. शेवटी एक दाणा उरला. बाबा म्हणाले, "देवीच नको म्हणते, तिथं मी कोण?" आणि विषय संपला. मी वहिनीच्या गळ्यात पडून रडले. तीही रडली. "नशिबात असतं तर झालं असतं गं," असं वर म्हणाली.

मग तलासरीला लग्न करून दिलं. नवरा बरा होता, भातशेती होती, खायला कमी नव्हतं. पण तो एक दाणा माझ्या मानगुटीवर बसला. बाजाराला जाताना शाळा लागायची, पोरं पाढे म्हणत असायची. मी पलीकडच्या बाजूने जायची. देवीने माझ्याकडे नीट बघितलं आणि ही नको म्हणाली, असं मी मनाशी धरून चालले. देवाने नाकारलेल्या माणसाने कुणाशी भांडायचं?

बऱ्याच वर्षांनी, बासष्ट-त्रेसष्ट सालाच्या पुढे केव्हातरी, एका दुपारी वहिनी चारोटीला एसटी बदलून माझ्याकडे आली. बरोबर चिकूंची टोपली. तिची ती रांगती पोर मॅट्रिक झाली होती आणि तिलाही पुण्याला ट्रेनिंगला जायचं होतं. आईबाबा गेले होते, भावाने बाबांची गादी चालवली होती. भगताला विचारल्याशिवाय तो पोरीला वेशीबाहेर पाठवणार नव्हता. म्हातारा भगत गेला होता, आता त्याचा मुलगा यायचा. नियम तोच.

"माझ्या हातचे चालणार नाय," वहिनी म्हणाली. "तू ये. आणि जोडीनं मोजून आण."

"मोजून? देवीचे दाणे मोजून आणायचे?"

"त्यात काय होतंय? तेव्हा मी नाय का..." आणि ती थांबली.

तिने नजर चुकवली.

"तू गेली असतीस तर मी त्या घरात राबून मेले असते, बाय. एकच दाणा जास्त टाकला गं."

केसाने गळा कापतात म्हणतात, तो कसा, ते मला त्या दिवशी कळलं. सगळं घर नशिबापुढे हात जोडून बसलेलं आणि ही बाई ते पदराला गाठ मारून फिरवत होती. घरात नशिबावर विश्वास नसलेली ती एकटीच. वर मोजायला शिकवलेलं मी! मी तिला घरातून जा म्हटलं. तिची चिकूंची टोपलीही तिच्याबरोबर परत पाठवली.

तरी ठरल्या दिवशी मी डहाणूला गेले. पोरीने काय केलं होतं माझं? कोठीसमोर बसून जोडी-जोडीने दाणे फडक्यावर टाकत गेले. शेवटी एक जास्तीचा दाणा बोटाला चिकटून राहिला. तो फडक्यात पडला की पोरीलाही नकार, एवढंच काम. मान वर केली तर दारात वहिनी. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नशिबाला भिणं म्हणजे काय, ते तिला पहिल्यांदाच कळत असावं. मी तिला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. मग दाणा कोठीत झटकला आणि गाठ मारली.

जोड्या पुऱ्या झाल्या. भावाने हात जोडले. पोरगी धावत येऊन माझ्या पाया पडली, गळ्यात पडली आणि निर्मळ मनाने म्हणाली, "आत्या, तुझ्या नशिबात नव्हतं, माझ्या होतं बघ!"

वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. एका शब्दाने तिला ते खोडता आलं असतं. ती सूप उचलून आत गेली.

"हो गं बाई," मी पोरीला म्हटलं.