उजवीकडून उघडणारं पुस्तक

फोनवर नाव शमीमचं आणि आवाज तिच्या मुलीचा. तबस्सुम नुसतं "मावशी..." म्हणाली आणि थांबली. मी कडेगावच्या घरात मेथी निवडत बसले होते. पुढचं तिनं सांगायच्या आधीच मला कळलं, तरी मी खुळ्यासारखी म्हणत राहिले, "अगं, अम्मीला दे ना फोन." अम्मी दुपारी दुकानातच गेली होती. गिऱ्हाइकाला अस्तराचं कापड कापून देता देता छातीत कळ आली, खुर्चीवर बसली आणि संपलंच सगळं. मी लोणंदला पोचले तेव्हा तिला न्यायची तयारी झाली होती. चेहरा तेवढा पाहायला मिळाला.

आता महिना उलटून गेला. कोण होती ती, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोणंदच्या पेठेत तिचं मॅचिंग सेंटर होतं आणि ती मांगांची समीक्षा करायची. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की जणू मलाच काहीतरी झालंय. का हो? ब्लाउजपीस विकणाऱ्या साठीच्या बाईनं जपानी पुस्तकं वाचू नयेत असं कुठं लिहिलंय?

आमची गाठ पडली साताऱ्याला, कॉलेजच्या होस्टेलमध्ये. एकच खोली. मी जैनाची, सूर्य मावळला की माझं ताट बंद. रमजानात नेमकं त्याच वेळी तिचं ताट सुरू व्हायचं. "ऊठ गं सुनंदे, सूर्य चालला!" असं ओरडून ती मला जेवायला बसवायची, स्वतः दिवसभराची उपाशी. मी शेवटचा घास गिळायची आणि तिच्यापुढं खजुराची वाटी सरकवायची. भांडायचो एकाच गोष्टीवरून. कुठलीही कादंबरी हातात आली की मला शेवटचं पान आधी वाचायची खोड. तिला ते अजिबात खपायचं नाही. "शेवट कळल्यावर मग काय राख वाचायची व्हय?" म्हणून ती पुस्तक हिसकावून घ्यायची. पुढं लग्नं झाली, मी शाळेत शिकवायला लागले, ती दुकानात बसायला लागली. मधली बरीच वर्षं ईद-दिवाळीच्या फोनांवर निघाली.

मग तबस्सुम पुण्यात नोकरीला लागली आणि एका सुट्टीत खोकंभर मांगा घरी टाकून गेली. इंग्रजीत भाषांतर झालेली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा शमीमनं त्यातलं एक उघडलं आणि ती तिथंच अडकली. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. लहानपणी उर्दू शिकलेल्या तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. हसं झालं ते माझं. तिनं दिलेलं पुस्तक मी आपल्या रीतीनं डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर ठळक छापलेलं, थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं आला आहात. मला वाटलं, असेल कसली तरी जाहिरात! तशीच पुढं गेले. आधी म्हातारा नावाडी मेलेला, मग आजारी, मग तरुण, मग पाटी घेऊन शाळेत. चिडून फोन केला, "शमे, तुझे जपानी लोक मढ्यापासून गोष्ट सुरू करतात की काय?" ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "आगं, तुज्यासारख्या शेवट आदी बघणाऱ्या बायांसाठीच त्यांनी पाटी लावलीया... आन् तू ती बी न्हाई वाचलीस!"

तबस्सुमनंच तिला व्हिडिओंचं चॅनेल काढून दिलं. त्यात चेहरा नसायचा. लाकडी काउंटर, पुस्तक, कात्री आणि तिचे हात. "ही गोष्ट तलवारीची दिसती, पर हाय भुकेची," असं रंगात येऊन सांगता सांगता मध्येच गिऱ्हाइकाला, "आवं ताई, ह्यो मोरपंखी न्हाई, ह्यो रामा." ते ती गाळायची नाही. जुनं, नवं, भुताचं, खेळाचं, स्वयंपाकाचं, शाळकरी प्रेमाचं, सगळं वाचायची. शाळेतल्या प्रेमकथांना मी नाक मुरडलं की म्हणायची, "तू मास्तरीण. तुला पोरांचं प्रेम म्हंजे दंगाच वाटणार."

तिची पद्धत दुकानातून आलेली होती. पुस्तक एकदा वाचायचं, कपाटात ठेवून द्यायचं, काही आठवडे जाऊ द्यायचे, पुन्हा वाचायचं आणि मगच बोलायचं. याला ती 'धुऊन बघणं' म्हणायची. "नवं कापड समदंच चमकतंय. पाण्यातनं काढल्यावर बगायचं." एखादी नवी मालिका गाजायला लागली की व्हिडिओ बघणारी पोरं तिच्यामागं लागायची, खाला, बोला ना यावर. हिचं उत्तर ठरलेलं, "अजून धुतलं न्हाई." धुतल्यावर कितीतरी गाजलेल्यांचा रंग उतरला आणि तिनं तसं तोंडावर सांगितलं. पोरं खवळली तरी हिच्या कपाळावर आठी नाही. उलट एक जुनाट, विटक्या कागदाचं मांगा होतं, किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या एका विधवेचं. ते तिनं सगळ्यांच्या वर ठेवलं. "हितं पानभर नुसतं वाळूवरचं जाळं हाय. काय बी घडत न्हाई," एवढं बोलून तिनं पानावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "मला आई दिसली." तिची आई कांद्याच्या वखारीत निवडणीला जायची.

आम्हा दोघींची मिळून एक मोठी मालिका चालू होती. लढाईत ताटातूट झालेल्या दोन बहिणी खंडामागून खंड एकमेकींना शोधत हिंडतायत. ती लोणंदहून, मी कडेगावहून, अशा साताऱ्याच्या स्टँडवर भेटायचो, चहा घ्यायचो आणि तिचा वाचून, धुऊन झालेला खंड माझ्या पिशवीत यायचा. गेल्या खेपेला तिनं शेवटचा खंड दिला.

"भेटतात का गं दोघी?"

"सांगणार न्हाई."

"रडलीस का, एवढं तरी सांग."

"ते बी सांगणार न्हाई."

तिची गाडी लागली. खिडकीतून हात बाहेर काढून ती ओरडली, "उजवीकडनं उघड गं!" सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. दोन-चार दिवसांनी तिचा लांबलचक आवाजी निरोप आला. खाली लिहिलेलं, पुस्तक झाल्यावरच ऐकणे. घरच्या गडबडीत माझं वाचन राहिलं... आणि ती गेली.

तेव्हापासून पुस्तक तसंच पडून आणि निरोपही तसाच. पुस्तक वाचलं की निरोप ऐकावा लागणार. ऐकला की शमीमचं मला सांगायचं सगळं संपलं. मग नवीन असं काही उरणारच नाही. तिचे जुने व्हिडिओ आहेत, पण ते जगासाठी. हे एवढंच माझं. म्हणून मी पुस्तकाला हातच लावत नव्हते. परवा मात्र राहवेना. बहिणी भेटोत न भेटोत, मला तिचा आवाज हवा होता. पुस्तक न उघडताच मी निरोप लावला.

आधी काउंटरवर कात्री ठेवल्याचा आवाज आला. मग ती.

"थांब मास्तरीण. वाचलंस का?... न्हाई ना? वळखून हाय मी तुला. चुकीच्या बाजूनं आलीयास. बंद कर. जा, आदी वाच."

मी बंद केलं. मग तोंडाला पदर लावून अशी रडले की सून धावत आली तरी रडू थांबेना. लोणंदला अडलेलं सगळं तेव्हा बाहेर पडलं.

आता वाचतेय. रोज एकच पान. धाकटी बहीण नदी ओलांडून आलीय, थोरली कुठं आहे कुणास ठाऊक. जन्मात पहिल्यांदा मला शेवटाची घाई नाही. पण सवय मेली जात नाही. पुस्तक मांडीवर घेतलं की माझा हात आधी डावीकडेच जातो. तिथं ती मला "थांब" म्हणते आणि मी पुस्तक फिरवून घेते.