मल्लेश्वरमच्या परांचीवरची सैल गाठ

निपाणीचा देवाप्पा बंगळुरात आला तेव्हा त्याला एकच विद्या येत होती, दोर आवळायची. तंबाखूच्या वखारीत गठ्ठे बांधून बांधून त्याच्या बोटांत अशी पकड आली होती, की त्यानं मारलेली गाठ सोडवायला लोक कोयता मागत. शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं आणि प्रत्येक नव्या इमारतीभोवती आधी परांची उभी करावी लागे. सुरूच्या उभ्या बल्ल्या, त्यांना आडव्या बल्ल्या, वर फळ्या, आणि सगळा डोलारा काथ्याच्या दोरावर. देवाप्पाला काम शोधत हिंडावं लागलं नाही.

दहा वर्षांत त्याचं नाव झालं, ते गाठींमुळे आणि त्याहून जास्त त्याच्या सकाळच्या फेरीमुळे. गवंडी यायच्या आत तो हजर असे. प्रत्येक बल्लीचा पाय जमिनीत खचलाय का बघायचा, सांधा हलवून बघायचा, फळीवर उभं राहून अंगाचा भार द्यायचा. तो खाली येऊन "सरी, चढा" म्हणेपर्यंत, म्हणजे कानडीत ठीक आहे असं सांगेपर्यंत, कुणी पाय वर ठेवायचा नाही. बिंदुमाधवराव इंजिनिअरसुद्धा नाही.

हे बिंदुमाधवराव बंगळूरचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. बोलताना निम्मी कानडी यायची आणि राग आला की पूर्ण कानडी. अठ्ठावन्न साली ते मल्लेश्वरमात मुलींच्या वसतिगृहाची तीन मजली इमारत बांधत होते. जूनमध्ये मुली राहायला यायच्या होत्या आणि मे निम्मा सरला तरी बाहेरचा गिलावा बाकी होता.

त्या वर्षीच्या संक्रांतीपासून देवाप्पाच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होऊ लागली होती. आधी वाटलं, थंडीनं असेल. थंडी गेली, बोटं तशीच राहिली. दोर ओढताना मधेच पकड सुटायची. मग तो डावा हात लावायचा, दोराचं टोक दातांत धरायचा, आणि कुणी बघत नाही ना हे बघायचा. सांगणार कुणाला? दोर बांधता येत नाही तो परांचीवाला कसला?

मे महिन्यात तीन दिवस वळवाचा पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. काथ्या ओला झाला की आवळतो आणि सुकला की ढिला पडतो, त्यामुळे असा दिवस सगळ्यांत वाईट. देवाप्पा फेरीला चढला. दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिसऱ्यावर, कोपऱ्यातल्या बल्लीला हात लावला आणि आडवी बल्ली चार बोटं खाली घसरली.

त्यानं पटकन दोर धरला, गुडघा टेकवून ओढला. बोटांनी साथ दिली नाही. पुन्हा ओढला. दोर तळव्यातून साबणासारखा निसटला.

खाली बायका गाऱ्याची घमेली भरून उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे ठकुबाई, त्याची बायको. ती गेली सहा वर्षं त्याच्याच परांचीवर गारा वाहत होती.

"देवाप्पा!" रावांनी खालून हाक मारली. "गारा सुकतोय! सोडू का माणसं?"

"नाही!" देवाप्पा ओरडला. आवाज इतका मोठा आला की त्याचा तोच दचकला. "एकानं पण चढायचं नाही!"

तो खाली उतरला. सांधा सुटल्याचं त्यानं सांगितलं. राव म्हणाले, "पावसानं झालं असेल."

देवाप्पानं उजवा हात पाठीमागे नेला.

"की शिवाप्पानं बांधलाय तो?" रावांचा आवाज चढला. शिवाप्पा हा देवाप्पाचा जोडीदार, दोन वर्षांपूर्वी हाताखाली आलेला. तो पांढराफटक पडला. "त्याला म्हणावं, उद्यापासून घरी बस," राव म्हणाले.

आता मात्र देवाप्पाला राहवलं नाही. "रावसाहेब, त्याची गाठ नाही ती. माझी हाय. शिवाप्पाच्या गाठी त्याच पावसात भिजल्यात, एक हलली नाही. माझा हात धरत नाही. संक्रांतीपासनं धरत नाही."

राव आधी कानडीत खूप बोलले. चार महिने! माणसं वर होती! देवाप्पा मान खाली घालून ऐकत राहिला. ते खरंच होतं.

मग दम घेऊन राव म्हणाले, "अशा आणखी किती?"

"सगळ्या बघाव्या लागतील. कुठली माझी, मला कळतं."

"मग दाखव. ओढायचं काम शिवाप्पा करेल. त्याला एक माणूस मदतीला हवा."

"मी हाय की," ठकुबाई म्हणाली. घमेलं तिनं कधीच खाली ठेवलं होतं.

दिवसभर इमारतीवर गिलाव्याचा एक थापा पडला नाही. देवाप्पा सांध्यासांध्यापाशी थांबून बोट दाखवायचा. शिवाप्पा जुना दोर कापून नवा घालायचा आणि ठकुबाई टोक ओढून धरायची. वरच्या मजल्यावर बसून तिघं पाणी प्याले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला ठावं होतं. धोतर पिळताना बघितलं की. तुमी सांगाल म्हणून गप होते."

"आणि रोज वर चढत होतीस?"

"शिवाप्पानं बांधलेल्या बाजूनं," ती म्हणाली.

देवाप्पाला हसावं की रडावं कळेना. मग तो हसलाच. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. हात तसाच होता, बोटं बधिरच होती, पण कुणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं.

संध्याकाळी तो रावांपुढे जाऊन उभा राहिला. उद्यापासून येऊ नको, हेच ऐकायची तयारी होती. राव नकाशा गुंडाळत म्हणाले, "बांधायचं बंद. तपासायचं चालू. आणि आता तू हो म्हणालास की शिवाप्पानं पण एकदा बघायचं. तुझ्यावर एकट्यावर सोडलं, ही माझी चूक."

"सरी, रावसाहेब," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

हात पुढेही सुधारला नाही. पण नंतरची अकरा वर्षं देवाप्पा रावांच्या प्रत्येक इमारतीवर फेरी मारत राहिला, मागोमाग शिवाप्पा. कधी दोघांचं पटायचं नाही आणि गवंडी तासभर खोळंबायचे. बायका सावलीत बसून पान खायच्या आणि म्हणायच्या, भांडू देत, तोवर पाठीला आराम.

त्या वसतिगृहाचा गिलावा त्याच वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. परांची वरून खाली, एकेक मजला करत उतरवली. शेवटची बल्ली आडवी झाली, तेव्हा देवाप्पा आणि ठकुबाई रस्त्याच्या पलीकडे उभे राहून त्या उघड्या, कोऱ्या भिंतीकडे बघत होते. पहिली मुलगी ट्रंक घेऊन फाटकातून आत शिरली. ठकुबाई म्हणाली, "चला, कॉफी पिऊ." दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले आणि बराच वेळ बसले.