पूर्वेची रिकामी जागा

नव्वदच्या दशकात आमच्या पुरातत्त्व विभागात आराखडे काढणारे एक गुजराती गृहस्थ होते. नागरवाड्यातून सायकलने यायचे. मनगटाखाली हातरुमाल ठेवून शाईची रेष ओढायचे, कारण ट्रेसिंग पेपरला घाम लागलेला त्यांना खपत नसे. विदर्भातल्या प्राचीन थडग्यांभोवतीची शिळावर्तुळं काढताना ते दगडांशी बोलायचे. "आ भाई जरा जाडे आहेत, सरका."

एका वर्तुळात पूर्वेला जागा रिकामी होती. हे प्रवेशद्वार असावं, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी लेखात लिहिलं. मी दोन महिने गप्प बसलो. तिथला दगड उत्खननाच्या शिबिरात पाण्याचं पिंप टेकवायला मीच लोटत नेला होता, मोजणी व्हायच्या आधी.

लेख छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी मी आराखडे काढणाऱ्या त्या गृहस्थांच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. ते ओरडतील असं वाटलं होतं.

"केवढा होता? हातांनी दाखवा," ते म्हणाले.

मी हात पसरून दाखवले. त्यांनी मधलं अंतर पट्टीने मोजलं, प्रमाणात लहान केलं आणि रिकाम्या जागी तुटक रेषेने दगड काढला.

"मोजलेल्याची सलग रेष, सांगितलेल्याची तुटक."

"पण सरांना काय सांगू?"

"मला सांगितलं तेच. चालो, घेऊन जा. शाई ओली आहे हं, सांभाळून."

आराखडा दोन्ही हातांवर आडवा धरून मी सरांच्या खोलीचा जिना चढलो, हळूहळू, पण कुठेही न थांबता.