डाव्या कोपऱ्यासाठी निपाणीपर्यंत

मागाला सूत नसलं की विणकराला घर खायला उठतं. लढाईमुळं सुताची गाठोडी येईनात, आमच्या बेळगावच्या वडगावातले निम्मे माग गप्प पडलेले. अशात आमच्या तालमीला निपाणीच्या हुतुतूच्या सामन्यांचं बोलावणं आलं. वस्ताद म्हणाले, "आप्पा, तुमी बी चला. पोरांच्या भाकरीकडं, दुखण्याखुपण्याकडं बघायला जाणतं माणूस पायजे." साठी उलटली तरी मी निपाणी पाहिलेली नव्हती. हळद, तेल आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या पिशवीत घातल्या आणि निघालो. कुणाला त्या वाटेनं जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो.

बेळगावच्या मोटारअड्ड्यावर तांबडं फुटायच्या आत पोचावं. नंतर जागा मिळत नाही. भाडं माणशी रुपयाच्या आत-बाहेर, घासाघीस करणाऱ्याच्या तोंडावर आहे. पेट्रोल मिळत नसल्यानं हल्ली मोटारीला मागं कोळशाची भट्टी लावतात, तिच्या वायूवर ती चालते. म्हणून मागं बसू नये. आम्ही मागं बसलो आणि काकती येईस्तोवर सगळे एका रंगाचे झालो.

आमचे नऊ गडी. खेळतात सात, दोघं बाहेर. बाहेरच्या दोघांतला एक परशराम. आमच्याच आळीतला, हातानं धोटा टाकणारा विणकर. इकडनं टाकायचा, तिकडं झेलायचा, पुन्हा तिकडनं टाकायचा. जन्म त्यात गेल्यानं त्याला डावा-उजवा हात असा भेद उरलेला नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा, मध्य, चढाई, कुठंही उभा करा, काम भागवतो. पण सामना सुरू होतो तेव्हा परशराम कायम बाहेर. घरात एखादा तांब्या असतो. पाण्याला चालतो, ताकाला चालतो, पाहुण्याचे पाय धुवायलाही चालतो. तसा चालतो म्हणूनच फळीवर त्याची अशी जागा नसते. तसं त्याचं झालेलं.

हत्तरगीच्या पुढं मोटारीनं जरा दम धरला तेव्हा परशराम माझ्याकडं सरकला.

"आप्पा, आपल्या शेजारच्या खासबागेच्या तालमीतनं निरोप आलाय. डावा कोपरा देतो म्हंत्यात. पहिल्यापास्नं, कायमचा."

"मग?"

"मग काय. वस्तादांनी निपाणीत एक सामना तरी मला पहिल्यापास्नं खेळवला तर न्हाय जायचो. न्हायतर परतल्यावर रामराम."

"त्यांना सांगितलंस?"

"तुमी सांगा की."

"मी तेल चोळायला आलोय," मी म्हटलं. "तुझं तू सांग."

पुढं बसलेला निंगाप्पा, म्हणजे आमचा चढाईचा हुकमी गडी, मान न वळवता म्हणाला, "परशा गेला तर माझी पिशवी कोण धरणार रं?" सगळे हसले. परशरामही हसला, पण उशिरा.

संकेश्वरात मोटार तासभर थांबते. हिरण्यकेशीवर तोंड धुवावं आणि पेठेत वाळलेली मिरची घ्यावी. रंग लालभडक, तिखट मात्र जीभ न जाळणारं. चहा गुळाचा मिळाला, साखरेचं नाव काढू नये. भाकरी, शेंगांची चटणी घरनं बांधून आणलेली होती. वाटेनं जाणाऱ्यानं तेच करावं.

निपाणी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. गावभर तंबाखू. गाड्यांत, वखारींत, ओट्यांवर, माणसांच्या मुंडाशांत सुद्धा. आमची उतरायची सोय एका व्यापाऱ्याच्या वखारीत केलेली. जागा ऐसपैस, फुकट, पाणी जवळ. पण बोदांच्या, म्हणजे तंबाखूच्या पोत्यांच्या, थप्प्यांना टेकून झोपायचं म्हणजे काय ते सकाळी समजलं. नऊच्या नऊ गडी शिंकत उठले. माझं मी ओट्यावर अंथरलं होतं, म्हातारपणी दार जवळ असलेलं बरं म्हणून. तेवढा एकटा वाचलो. तुम्हाला वखारीत सोय मिळाली तर ओटाच धरा.

हुतुतूत सगळा खेळ दमाचा. समोरच्यांच्या अंगणात "हुतुतू" म्हणत शिरायचं आणि तो दम न तोडता परत यायचं. पहिल्या सामन्यात निंगाप्पा रुबाबात शिरला, दोघांना हुलकावण्या दिल्या आणि ऐन मध्यावर सणसणीत शिंकला. दम तुटला, बाद. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बघणारे लोक पोट धरून हसायला लागले. एक म्हातारा माझ्याशेजारी बसून सांगत होता, "आमच्या तंबाखूला वशिला चालत न्हाय, बघा."

निपाणीकरांचा नियम असा की मध्यंतरात दोन गडी बदलता येतात आणि कुणी दुखावला तर केव्हाही. वस्तादांनी निंगाप्पाला बाहेर घेतलं, परशरामला चढाईला घातलं. त्याचं नाकही वाहतच होतं, पण तो लांब दमाच्या वाटेला गेलाच नाही. आत जायचा, एकाला हात लावून परतायचा. मोठी चढाई एकही केली नाही आणि सामना जिंकून दिला.

दुसरा सामना चिकोडीकडच्या गड्यांशी. त्यांचा चढाईवाला डावखुरा. तो सारखा आमच्या उजव्या कोपऱ्यावर यायचा, आणि आमच्या तिथल्या पोराला डावा हात कुठनं येतो तेच उमगेना. वस्तादांची रीत ठरलेली आहे. आधी समोर कोण आहे ते बघायचं, मग आपला गडी काढायचा. हाही चांगला, तोही चांगला, पण आज कुणापुढं चांगला, असा त्यांचा हिशेब. मध्यंतरात परशराम उजव्या कोपऱ्यात गेला. डावखुऱ्याचा घोटा त्यानं असा धरला की तो रेषेपर्यंत पोचलाच नाही. आम्ही अंतिम सामन्याला आलो. तिथं गाठ खुद्द निपाणीच्या तालमीशी होती.

त्या दुपारी खाणावळीत जेवलो. सहा आण्यांत पोटभर, वर ताक. मी वाढून घेत होतो आणि परशराम वस्तादांच्या समोर जाऊन बसला.

"वस्ताद, उद्याच्याला मला डाव्या कोपऱ्यात पहिल्यापास्नं उभा करा."

"तू बाहेर हाईस म्हणून आमी हितवर आलोय, परशा. उद्या कुठं भोक पडंल ते आज काय सांगू?"

"भोकं बुजवून कटाळा आला. खासबागवाले जागा देत्यात."

वस्ताद कडक माणूस. त्यांच्या हाकेला "न्हाय" म्हणायची आमच्या आळीत कुणाची टाप नाही. त्यांनी ताकाचा घोट घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बरं. उद्या डावा कोपरा तुझा. शेवटपातूर कोण हलवायचं न्हाय तुला. शब्द दिला."

अंतिम सामन्याला गर्दी बेताची नव्हती. झाडांवर, वखारींच्या पत्र्यांवर माणसं. परशराम डाव्या कोपऱ्यात उभा राहिला आणि हलला नाही. खोटं कशाला सांगू, फार काही चमकला असंही नाही. नीट खेळला. त्याच्या बाजूनं एकही गुण गेला नाही, एवढंच. निंगाप्पाचं नाक एव्हाना मोकळं झालं होतं. मध्यंतराला आम्ही पुढं होतो.

मग भीमाचा पाय मुरगळला. भीमा मध्याचा खांब. मी पट्टी बांधायला धावलो, पण घोटा बघता बघता फुगला. बाहेर एक चढाईचा गडी आणि दुसरा मारुती, ज्याचा डावा कोपरा परशरामला दिलेला; मध्याला दोघंही कच्चे. त्यांतल्या एकाला मध्यात घालावं लागणार होतं. बघणाऱ्या पोराटोरांनाही कळत होतं काय करायला हवं ते. परशरामला मध्यात आणायचं, आणि मारुतीला त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात.

परशराम वस्तादांकडं बघत होता. मी दोघांच्या मध्ये बसलेलो, भीमाचा पाय मांडीवर. वस्तादांनी डाव्या कोपऱ्याकडं एकदा पाहिलं आणि मारुतीला मध्यात पाठवलं. निपाणीकरांनी तिथंच फोडलं आम्हाला. तीन गुणांनी हरलो.

परतीच्या वाटेवर तवंदीचा घाट लागतो. निपाणीकडनं चढ सरळ छातीवर येतो. मोटार अर्ध्यात थांबली आणि कंडक्टर म्हणाला, "एल्लारू इळीरी," म्हणजे सगळे उतरा. गडी ढकलायला लागले, मी आणि लंगडा भीमा आत. मागच्या खिडकीतनं बोलणं ऐकू येत होतं.

"का न्हाय बोलावलं मला?" परशराम.

"शब्द दिल्ता."

"मी गेलो असतो की मधी."

"शब्द दिल्यावर हाक कशी मारू रं?"

"हाक मारू नकाच. इचारायचं हुतं. 'जातोस काय' म्हणून. इतकी वर्सं कुणी इचारलंच न्हाय."

वस्तादांनी मोटारीला खांदा लावला. मोटार माथ्यावर आली, सगळे धापा टाकत चढले. निंगाप्पानं सरकून परशरामला खिडकीशी जागा दिली. बेळगाव येईपर्यंत खासबागेचं नाव कुणी काढलं नाही, आणि मला वाटलं की म्हणजे तो जाणार हे ठरलंच.

घरी आलो. कपड्यांतला तंबाखूचा वास दोन धुण्यांनंतरही गेला नाही, बायको अजून नाक मुरडते. निपाणी बघण्यासारखी आहे का, असं विचाराल तर होय, पण तंबाखूच्या हंगामात अंगावरचे कपडे जुने असावेत. मिरची मात्र चांगली निघाली.

तालमीत संध्याकाळी गेलो तो भीमाच्या पायाला शेक द्यायला. बघतो तर परशराम आलेला. कुणी न सांगता डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा. पोरं वस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिली. मध्याची जागा रिकामी होती.

वस्तादांनी धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाले, "परशराम, मधी जातोस काय?"

आजवर त्यांच्या तोंडून मी "परशा" सोडून दुसरं काही ऐकलेलं नव्हतं. परशरामनं मान खाली घातली, पायानं माती सारखी केली, जरा विचार केल्यासारखं केलं.

"आज नको, वस्ताद. उद्याच्याला बघू."

कुणी हसलं नाही. वस्तादांनी "बरं" म्हटलं, डोक्याचा रुमाल सोडून माझ्याकडं दिला, धोतराचा काचा मारला आणि पन्नाशीच्या वयात स्वतःच मध्यात जाऊन उभे राहिले.